ढोलकी डावीकडं गेली

मी एक जुना हेडफोन आहे, मित्रांनो, आणि खरं सांगतो, पार दमलोय. जपानात बनलो. गोव्याच्या एका बोटीवाल्याबरोबर लोंढ्याच्या गाडीनं बेळगावात आलो आणि १९८२ साली सिद्राम अण्णांच्या कॅसेटच्या दुकानात खिळ्याला लटकलो.

मग रोज तेच. गिऱ्हाईक मला डोक्यावर चढवायचं, गाण्यातली ढोलकी उजव्या कानातून डाव्या कानात पळाली की ओरडायचं, "आयला, आत कोण नाचतंय काय रं?"

अहो, कोण नाचणार? डावीकडचा आवाज डाव्या कानाला अंमळ आधी पोचतो आणि मोठाही लागतो. त्यावरनं तुमचं डोकं दिशा ओळखतं. माझ्या दोन वाट्यांत आवाज कमीजास्त सोडला की डोकं फसतं, बस्स. हे सांगून सांगून अण्णांचाही घसा बसला होता.

एकदा उचगावचा भरमू नणंदेच्या लग्नात वाजवायला गाण्यांची टेप हवी म्हणणाऱ्या बायकोला घेऊन आला. ही शालूबाई कणकुंबीच्या रानातली, कानडी तिला ओ की ठो कळत नव्हतं. आली तीच फणफणत.

"कितीबी हाका मारा, हे वळतच न्हाईत. मी काय भिताड हाय व्हय? आता टेप घेतली की म्हायेरालाच जाते!"

तिचा राग निवावा म्हणून अण्णांनी हसत हसत मला भरमूच्या डोक्यावर बसवलं. ढोलकी उजवीकडून निघाली.

"बंद पडली की हो!" भरमू म्हणाला.

अण्णांनी मला उलटा करून, डावी वाटी उजव्या कानावर घातला. आता ढोलकी डाव्या कानापासून निघाली, तर ती उजव्या कानाशी येईपर्यंत भरमूला काहीच ऐकू येईना. माझ्या दोन्ही वाट्या तर ठणठणीत होत्या. अण्णांच्या घरची भाषा कानडी, गडबडले की तीच तोंडात यायची. ते ओरडले, "एड किवी!"

शालूबाई उसळली. "येडं कुणाला म्हणतोस रं? आन् कीव कशापायी करतोस? माझा नवरा शाना हाय!" तिनं भरमूला असा ओढला की माझी वायर मशीनमधून उपसून आली.

अण्णांनी हात जोडले. "आक्का, एड म्हणजे डावा. किवी म्हणजे कान. ह्यांचा डावा कान गेलाय."

ती मटकन बाकावर बसली. "गाडीत मी ह्यांच्या डावीकडंच बसते की. लगीन झाल्यापासनं."

भरमू खाली बघत म्हणाला, "मला वाटलं, तूच माझ्याशी बोलायचं सोडलंस."

शालूबाईच्या डोळ्यांना धार लागली. माझाही जीव कळवळला. मग ती उठली, भरमूच्या उजव्या बाजूला जाऊन बसली आणि बोलतच राहिली. माहेरचं नाव काही निघालं नाही.

आज माझा स्पंज झडलाय, वायर तुटलीय. मला अडगळीत टाका, माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, घरातलं कुणी हाकेला वळलं नाही, तर रागावण्याआधी एकदा उठा, दुसऱ्या बाजूला जा आणि तिथून हाक मारा.