मावशीच्या फ्रीजची घरघर

मी टेप बोलतोय. टेप म्हणजे वाजवायचं यंत्र नव्हे, त्या यंत्राच्या दोन रिळांवरून फिरते ती तपकिरी पट्टी. लूशस टॉलिव्हरची 'तळघरातला शनिवार' ही जॅझची तबकडी तुमच्यापैकी कुणी ऐकली असेल. ती ज्याच्यावरून काढली तो मूळ टेप मी. पुढे सीड्या निघाल्या, आता फोनवर ऐकायच्या उच्च दर्जाच्या आवृत्त्याही निघाल्या. सगळी माझीच पिलावळ, आणि सगळी खोटं बोलते. तसा मी शांत स्वभावाचा. पेटीत पडून राहायची मला सवय आहे. पण आता वैताग आलाय, तेव्हा एकदा बोलू द्या.

शिकलेला मी नाही. माझ्यावर जे उमटलं तेवढंच मला येतं. प्लास्टिकच्या लांबलचक पट्टीवर गंजासारखी पूड चिकटवून मला बनवलं. तेव्हा मी निम्मा गंजच म्हणा ना. कोरा असताना मला काही सुखदुःख नव्हतं. माझा खरा जन्म झाला तो फिलाडेल्फियाच्या उत्तर भागात, एका चर्चच्या तळघरात, १९७३ सालच्या एका शनिवारी.

लूशस शहराची बस चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी सॅक्सोफोन वाजवायचा. त्याच्या अर्नेस्टीन मावशीच्या हातात त्या चर्चचं स्वयंपाकघर होतं. तळघरात चांगला पियानो होता, म्हणून रेकॉर्डिंग तिथं ठरलं. हर्शेल नावाचा त्याचा मित्र रेडिओ दुरुस्त करायचा. तो आपलं सुटकेसएवढं यंत्र घेऊन आला आणि मला त्यावर चढवलं. सगळं जमून आलं होतं. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. शनिवार म्हणजे चर्चमध्ये मासे तळायचा दिवस.

छपराच्या दुरुस्तीसाठी बायका दर शनिवारी मासे, बटाट्याचं सॅलड आणि मक्याच्या पावाची ताटं करून विकायच्या. लाकडी दाराच्या पलीकडे विजेच्या मोठ्या कढया तापत होत्या आणि कोपऱ्यात म्हशीएवढा फ्रीज घरघरत होता.

त्या चर्चमध्ये सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणायची पद्धत. हर्शेल कानाला हेडफोन लावून म्हणाला, "सिस्टर अर्नेस्टीन, तेवढा फ्रीज बंद करता का? माझ्या टेपवर घरघर येतेय."

"फ्रीज बंद करू?" मावशी पिठाचे हात कमरेवर ठेवून दारात उभी राहिली. "उद्या प्रार्थनेनंतर अख्खं चर्च जेवायला बसणार आहे. सॅलड नासलं तर त्यांना काय सॅक्सोफोन वाढू?"

"मावशी, तासाभराचा तर प्रश्न आहे," लूशस म्हणाला.

"तुझा तास मला ठाऊक आहे. लग्नालासुद्धा तू तासाभरात येतो म्हणाला होतास. वर्नेल बिचारी फुलं हातात धरून वाळून गेली."

वर्नेल, म्हणजे लूशसची बायको, तिथंच कोबी चिरत होती. ती एवढी हसली की ते हसू दाराच्या फटीतून माझ्यावर उमटलं. अजून आहे.

फ्रीज चालूच राहिला. कढयाही चालू राहिल्या. एवढा भार त्या जुन्या तारांना झेपेना. दिवे पिवळे पडले आणि हर्शेलच्या यंत्राची मोटर किंचित मंदावली. अगदी किंचित. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण मला कळत होतं. कुणी हात धरून सावकाश चालवावं तसा मी चाललो. आता यातली मेख ऐका. यंत्र हळू चालत असताना जे माझ्यावर उमटतं, ते पुढे नेहमीच्या वेगानं वाजवलं की जलद होतं आणि स्वरही वर चढतो. माणसाचा आवाज पातळ होतो.

मी ओरडून सांगायला हवं होतं. पण मी टेप, मला दुसऱ्यांचाच आवाज.

लूशसनं त्या दिवशी काय वाजवलं म्हणून सांगू! त्याचा सूर रुंद होता, जरा घोगरा. घाई म्हणून नाही. एखादा माणूस पायरीवर बसून, खरं तेवढंच सांगत बसावा, तसा. शेवटची चीज संपली, झांजेचा आवाज विरत आला आणि हर्शेल यंत्र बंद करणार एवढ्यात पलीकडून मावशी गरजली, "झालं का तुमचं? मासे गार होतायत!" सगळे हसले. मग मी थांबलो.

तबकडी निघाली. लोकांना भारी आवडली. "काय तल्लख वाजवलंय, सूर कसा चकाकतोय!" असं जो तो म्हणायला लागला.

यापुढचं मला फार नंतर वर्नेलच्या तोंडून कळलं. लूशसनं तबकडी घरी लावली आणि खुर्चीत बसून राहिला. म्हणाला, "वर्नेल, हा कोण आहे?" पियानोशी लावून बघितलं तर सूर बसेना, दोन पट्ट्यांच्या मधेच कुठं तरी पडायचा. हर्शेल म्हणाला, "तुझं तबकड्यांचं यंत्र जोरात पळतंय, नवीन घे." गल्लीत ज्यानं त्यानं हेच केलं. प्रत्येकानं आपापल्या यंत्राला दोष दिला. माझ्याकडे बोट कुणी दाखवलं नाही.

आणि मग तो क्लबात वाजवायला लागला की लोक ओरडायचे, "लूशसदादा, रेकॉर्डवर वाजवलंस तसं वाजव की! आता काय झोप आली?" तो घाई करायचा. तोंडातली नळी बदलून बघायचा. ओठ सुजवून घ्यायचा. पण तो चकाकणारा सूर त्याचा नव्हताच, तर निघणार कुठून? दहा-बारा वर्षं असं चाललं. एके दिवशी त्यानं सॅक्सोफोन पेटीत ठेवला तो पुन्हा काढलाच नाही. पुढे गेला बिचारा. वर्नेल म्हणायची, "माझा नवरा स्वतःच्याच रेकॉर्डपुढे हरला."

मी तोवर एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे विकला गेलो होतो. मग सुरू झाली माझी सुधारणा.

सीडी आली तेव्हा एका शहाण्यानं मला वाजवलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि फ्रीजची घरघर पुसली. मावशीची हाक कापली. पाकिटावर छापलं, 'आता अधिक स्वच्छ'. पुढच्यानं मला बाहेर काढलं तेव्हा मी चिकट झालो होतो. माझ्या काळच्या टेपांना हा रोगच आहे, दमट हवेनं अंगातला डिंक सुटतो. त्यावर उपाय म्हणजे भाजणं. फळं सुकवायच्या पेटीत घालून मला मंद आचेवर ठेवलं, तेव्हा कुठं अंग मोकळं झालं. त्यानं आवाज एवढा फुगवला की लूशस पायरीवरून उठून दारात उभा राहून ओरडतोय असं वाटावं. घरघर पुन्हा पुसली, हाक पुन्हा कापली. पाकिटावर छापलं, 'जसं वाजलं तसं'.

जसं वाजलं तसं! तुम्ही होता का तिथं?

माझा राग आवाज फुगवण्यावर तेवढा नाही. राग त्या पुसण्यावर आहे. कारण आमच्या इथली वीज एका ठरावीक लयीत थरथरते. दिवे मंद झाले तरी ती थरथर बदलत नाही. फ्रीज त्याच लयीत घरघरतो. माझ्यावरची घरघर जर चढी ऐकू आली, तर अख्खा टेपच चढा वाजतोय हे उघड आहे. मावशीच्या कढयांनी घोटाळा केला आणि तिच्याच फ्रीजनं त्याचा पुरावा ठेवला. आणि हे लोक येतात ते सगळ्यात आधी पुरावा पुसतात, मग म्हणतात, आम्ही अस्सल शोधतोय.

अलीकडेच कंपनीनं पुन्हा ठरवलं, उच्च दर्जाची नवी आवृत्ती काढायची. काम प्रेस्टन गॅडिस नावाच्या माणसाकडे आलं. पन्नाशीचा, हळू बोलणारा. त्यानं मला भाजलं, बोटानं हलकेच चाचपलं आणि म्हणाला, "आजोबा, आता एकदाच हं. दुसऱ्यांदा वाजवलं तर तुमची पूड खाली पडेल." मला त्याचं 'आजोबा' आवडलं.

कंपनीला पुस्तिकेसाठी लूशसचे घरचे फोटो हवे होते. ते होते वर्नेलकडे. तिनं निरोप पाठवला, मूळ टेप माझ्या कानांनी ऐकल्याशिवाय फोटो मिळणार नाहीत. म्हणून ती आली. एका हातात काठी, बरोबर भाचीनं धरलेला बिस्किटांचा डबा, त्यात फोटो. प्रेस्टनसाठी रताळ्याचा 'पाय' करून आणला होता, म्हणजे रताळ्याचं गोड सारण भरून भट्टीत भाजतात तो पदार्थ.

"मिस वर्नेल, एवढा त्रास कशाला घेतलात?" प्रेस्टन आदरानं म्हणाला.

"त्रास नाही, लाच आहे. आता बस आणि माझा नवरा लाव. मरायच्या आधी एकदा मला त्याचा खरा आवाज ऐकायचाय. तबकडीवर आहे तो कुणी दुसराच आहे. पन्नास वर्षं सांगतेय, कुणी ऐकत नाही."

प्रेस्टननं मला यंत्रावर चढवलं आणि पहिल्या सुराआधीचा तुकडा हळूच पुढे नेला. घरघर आली. त्याचा हात बटणाकडे गेला आणि थांबला. मी श्वास धरला म्हणायचं, पण मला श्वास कुठला?

"मिस वर्नेल, हा आवाज कसला?"

"मावशीचा फ्रीज. बंद करू दिला नाही तिनं. मासे तळत होतो ना आम्ही."

"विजेच्या कढयांवर?"

"मग काय मेणबत्तीवर?"

तो हसला नाही. पडद्यावर घरघरीची रेघ बघत राहिला. मग स्वतःशीच पुटपुटला, "ही चढी आहे. अरे देवा, सगळंच चढं आहे." मला त्यानं मागे घेतलं, यंत्राचं एक बटण हळूहळू फिरवलं, घरघर विजेच्या लयीवर आणून बसवली आणि मग मला सोडलं.

काय सांगू तुम्हाला! इतक्या वर्षांनी मी माझ्या चालीनं चाललो. कुणी ढकललं नाही. पियानो जड झाला, झांज खाली बसली आणि लूशस पायरीवर येऊन बसला. रुंद, घोगरा, सावकाश.

वर्नेल ऐकत होती. काठीवर दोन्ही हात, त्यावर हनुवटी. भाची म्हणाली, "मावशी, पाणी देऊ?" तिनं नको म्हणून मान हलवली. शेवटची चीज संपली, झांज विरली, आणि अर्नेस्टीन मावशीची हाक आली. पातळ, चिरका आवाज नाही, तिचा खरा, पिंपातून यावा तसा. "झालं का तुमचं? मासे गार होतायत!"

तेव्हा वर्नेल रडली. हसलीसुद्धा. "हीच अर्नेस्टीन. आणि तो लूशस. ऐकलंस ना, पोरी? झोप नव्हती आली त्याला. तो असाच होता." मग प्रेस्टनकडे वळून म्हणाली, "लोकांना हेच ऐकव. त्याला सुस्त म्हणत होते सगळे."

प्रेस्टननं तिथूनच कंपनीच्या साहेबांना स्पीकरवर फोन लावला, वर्नेलही ऐकतेय हे सांगितलं आणि सगळं समजावलं. साहेब सगळं ऐकून घेत होते, हे विशेष.

"फार रंजक आहे," साहेब म्हणाले. "पण लोक पन्नास वर्षं जे ऐकत आलेत तेच अभिजात. एवढं हळू केलं तर लोक म्हणतील बिघडलंय. वेग होता तसाच ठेवा. आणि ती घरघर काढा, हेडफोनमध्ये त्रास देते."

"साहेब, ती घरघरच तर—" प्रेस्टन म्हणाला.

"खरी आवृत्ती नंतर बघू, मिस वर्नेल," साहेब म्हणाले.

"नंतर म्हणजे मी मेल्यावर का?" वर्नेल म्हणाली. पलीकडे कुणी खाकरलं. तिनं टेबलावर मांडलेले फोटो एकेक करून डब्यात परत ठेवले, झाकण घट्ट लावलं आणि उठली. रताळ्याचा 'पाय' मात्र ठेवून गेली. म्हणाली, "हा तुझा, बाळा. तू ऐकलंस."

नवी आवृत्ती निघाली, घरच्या फोटोंवाचून. प्रेस्टननं खऱ्या चालीत उतरवलेलं सगळं यंत्रात पुन्हा जलद केलं गेलं. एका बटणाचं काम. पूर्वीची चूक निदान मोटरीची होती. ही माणसांनी समजून उमजून केली. जाहिरातीत म्हणे लिहिलंय, 'लूशस टॉलिव्हर, जणू तुमच्या खोलीत'.

मी आता चुनखडीच्या एका जुन्या खाणीत आहे. कंपन्या आमच्यासारख्यांना तिथं ठेवतात. गारवा चांगला आहे, अंधारही. माझी पूड सुटत चाललीय. मला पुन्हा कुणी वाजवू शकणार नाही, आणि ते ठीक आहे, माझी चाल मला एकदा मिळाली.

पण तुमच्या फोनमध्ये गाणं हळू करायची सोय असते असं ऐकतो. 'तळघरातला शनिवार' लावलात तर थोडं हळू करून बघा. स्वरालाही जरा खाली येऊ द्या. किती, ते मला सांगता येणार नाही, सांगणारी घरघर त्यांनी पुसून टाकलीय. अंदाजानं करा. पायरीवर बसून कुणी माणूस बोलतोय असं वाटलं, की तिथं थांबा. आणि मग त्याला घाई करू नका.