दोन बोटं जागा

मास्तरांनी प्लास्टिकची पट्टी चौकटीखाली सरकवली आणि जुनं सिलिकॉन बेताने उचललं. बायकोच्या केस वाळवायच्या यंत्राने आधी ते ऊन करून घेतलं होतं, त्यामुळे पांढरा तुकडा सबंध सुटून आला. त्याच्यामागून तांबूस, कुजक्या वासाचं पाणी ओघळलं आणि त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. पाऊस पडून चार दिवस झाले होते, मग हे पाणी कुठलं, ते त्यांना कळेना.

गाडी म्हणजे चाकांवरची दीड खोली: दोन बाकं, एक शेगडी, तीन खिडक्या. निवृत्त झाल्यावर मास्तरांनी ही मोटरहोम हौसेने घेतली होती. गेल्या महिन्यापासून खिडकीखालचं बाक ओलं राहू लागलं, तेव्हा खिडक्यांभोवतीचं सगळं सीलंट खरवडून नवं भरायचं त्यांनी ठरवलं, तेही स्वतःच्या हाताने. कारागिरांवरचा त्यांचा विश्वास नऊ वर्षांपूर्वीच उडाला होता आणि तो उडवणारा कारागीर होता बायकोचा सख्खा भाऊ. साठी जवळ आली तरी घरात सगळे त्याला धाकटाच म्हणत.

गाडी नवी असताना खिडक्या धाकट्यानेच बसवून दिल्या होत्या. करड्या सीलंटची त्याची रेघ देखणी होती, पण प्रत्येक चौकटीच्या खालच्या कडेला, अगदी मधोमध, तिने दोन बोटं जागा कोरीच सोडली होती. जन्मभर भूमितीच्या वह्या तपासलेल्या माणसाला अपुरी रेघ कशी सहन व्हावी? मास्तरांनी पांढऱ्या सिलिकॉनची नळी आणली आणि तिन्ही जागा बुजवून टाकल्या. "तुझ्या भावाचं अर्धवट काम पुरं केलं," असं बायकोला ऐकवलंही.

दोन वर्षांनी शेगडीजवळच्या खिडकीखालची भिंत इतकी मऊ झाली, की अंगठा आत रुतला. मास्तर गाडी घेऊन तडक धाकटा कामाला होता त्या कारखान्यावर गेले, आणि मालक आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "ह्याला साधी रेघ पुरी ओढता येत नाही, आणि तुम्ही ह्याच्या हातात गाड्या देता." उचलली जीभ, लावली टाळ्याला. धाकटा उठला. त्याने चौकटीच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. मध्यावर बोट थांबलं. मग त्याने मास्तरांशेजारी उभ्या असलेल्या बहिणीकडे एकदा पाहिलं आणि हात पुसत आत निघून गेला.

आतली फळी दुसरीकडून बदलून घेतली, बाहेरून कोणी हात लावला नाही. मालकाने महिन्याभरात धाकट्याला गाड्यांच्या कामावरून काढलं. तेव्हापासून तो एका गोदामाच्या फाटकापाशी ट्रकांचे नंबर लिहीत बसतो. बायको त्याला भेटायला जाई, तेव्हा मास्तर गाडी कोपऱ्यावर उभी करून आत पेपर वाचत बसत. सांगण्याजोगं काही वाचल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

दुसऱ्या खिडकीखालचं सिलिकॉन निघालं आणि पुन्हा पाणी आलं. तिसरीतूनही आलं. मास्तरांनी कडा स्पिरिटने पुसल्या आणि सवयीने खिशातली मोजपट्टी काढली. करड्या रेघेची दोन्ही टोकं टेप लावून सरळ कापलेली होती. मधली जागा तिन्ही खिडक्यांना सारखी, केसाचाही फरक नाही. कामचुकार माणूस तीन वेळा एकाच ठिकाणी थांबत नाही, एवढं गणित त्यांना येत होतं. थेंब चौकटीच्या मागे कुठूनतरी शिरणारच, त्याला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून ती जागा सोडली होती. ती वाट मास्तरांनीच लिंपली होती आणि भिंत कुजली होती.

ते पालथ्या बादलीवर बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर फाशी चोरानेच सुनावली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायला नऊ वर्षं लागली याची जास्त वाटली.

बायको चहा घेऊन आली. तिने पाणी पाहिलं, हातातली मोजपट्टी पाहिली, आणि कप पायरीवर ठेवला.

"दिसलं होय तुम्हाला?"

मास्तरांनी मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"त्याच संध्याकाळी सांगितलं त्याने. म्हणाला, ताई, भावोजींना चारचौघांत खोटं पाडलं असतं, तर तू घरी कशी गेली असतीस?"

"मग तू तरी बोलायचंस."

"दोनदा काढला विषय. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, त्याचं नाव काढू नकोस."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

रविवारपर्यंत दोन खिडक्या झाल्या. तिसरी त्यांनी नुसती साफ करून, कडांना टेप लावून, प्लास्टिकने झाकून ठेवली. या वेळी गाडी कोपऱ्यावर थांबली नाही, थेट धाकट्याच्या दारात गेली.

धाकटा बाहेर आला तो मास्तरांकडे न बघता गाडीकडे वळला. पहिल्या चौकटीच्या खालच्या कडेवरून त्याने डाव्या हाताचं बोट फिरवलं. मध्यावर ते जरा थांबलं आणि पुढे गेलं. दुसऱ्या खिडकीपाशीही त्याने तेच केलं.

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. "तुझं कामच गेलं त्यापायी."

"गेलं खरं," धाकटा म्हणाला. त्याने ते अगदी साधेपणाने म्हटलं. मास्तरांनी तिसऱ्या खिडकीवरचं प्लास्टिक काढलं आणि सीलंटची गन पुढे केली.

"ही तुझ्यासाठी ठेवलीय."

धाकट्याने खिशातला उजवा हात बाहेर काढला. तो थरथरत होता. मास्तरांना नीट दिसेपर्यंत त्याने तो तसाच धरला.

"दोन वर्षं झाली, भावोजी. आता रेघ सरळ यायची नाही. तुम्हीच ओढा."

मास्तरांनी वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. मागे उभ्या माणसाने त्यांचं काम तपासण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती. रेघ बाजूने उतरली आणि खालच्या कडेला आली. तेव्हा धाकटा वाकला आणि त्याने उजव्या हाताची दोन बोटं चौकटीच्या मधोमध दाबून धरली. पत्र्याला टेकल्यावर ती बोटं थरथरत नव्हती.

मास्तर त्या बोटांपाशी थांबले. गन उचलून त्यांनी पलीकडून पुन्हा सुरुवात केली आणि उरलेली रेघ पुरी केली. रेघ ओली असतानाच टेप काढायची असते, दोघांनाही ते ठाऊक होतं. तरी धाकट्याने बोटं लगेच उचलली नाहीत, आणि मास्तरांनीही त्याला उचल म्हटलं नाही.