फुलसावंगीची एसटी

कापसाची मॅटाडोर उलटली त्याला आठ महिने झाले होते. ती चालवणाऱ्या अश्वजितच्या डोक्याची जखम केव्हाच भरली, पण दुखणं काही जाईना. ट्रकचा हॉर्न वाजला की छातीत धस्स व्हायचं, आणि मग कपाळात घण पडू लागायचे. खिडकी लावून, डोक्याला फडकं बांधून तो पडून राहायचा. दिवसाला सहा-सहा गोळ्या घ्यायचा. गाडीत शेजारी बसलेल्या त्याच्या मित्राचा, नेमसिंगचा, त्या अपघातात पाय मोडला होता, पण अश्वजित त्याला एकदाही भेटायला गेला नव्हता.

शेवटी बायको शीला त्याला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. एवढ्या गोळ्यांनीच डोकं जास्त दुखतं, असं सांगून डॉक्टरांनी त्या हळूहळू कमी केल्या आणि समुपदेशक दीपाताईंकडे पाठवलं.

"त्या तं नापिकीनं खचलेल्या शेतकऱ्यायसाठी हायेत," अश्वजित कुरकुरला. "मले कायले? मी येडा हाव काय?"

"तुमचं दुखणं खरं आहे, भाऊ," दीपाताई म्हणाल्या. "डोक्याला मार बसला की असं होतं. आपण डोकेदुखीचंच बघू."

अपघाताबद्दल त्यांनी खोदून विचारलं नाही. वहीत दुखण्याची वेळ तेवढी लिहायला लावली. पंधरा दिवसांत त्याच्याच लक्षात आलं, की हॉर्न ऐकला की आधी जबडा आवळतो, खांदे वर चढतात. दुखणं मागून येतं. मग तो सावकाश श्वास सोडून अंग सैल करायला शिकला. हॉर्न ऐकत आधी अंगणात दहा मिनिटं बसला, मग रस्त्यावरच्या चहाटपरीत अर्धा तास. उलटणाऱ्या गाडीची स्वप्नंही विरळ झाली.

दोन महिन्यांनी तो शीलाबरोबर नेमसिंगच्या गावाला, फुलसावंगीला, जाणाऱ्या एसटीत बसला. अपघाताच्या वळणावर डोकं ठणकू लागलं.

"उतरा लागते काय?" शीलानं विचारलं.

त्यानं मानेनंच नाही म्हटलं. समोरच्या दांडीवरची मूठ सैल केली आणि बसून राहिला.

फुलसावंगीत त्यांची हाक ऐकून नेमसिंग काठी टेकत घराच्या दारात आला.

"मले वाटलं, तू माह्यावर रागावला," तो म्हणाला. "गाडीत मीच तुले गोष्टीत गुतवलं होतं."

"अन् मले वाटलं तू रागावला. स्टेअरिंग तं माह्या हातात होतं!"

नेमसिंगचे डोळे भरून आले. त्याच्या बायकोनं, सुखीबाईनं, सगळ्यांना आत बोलावून चहा दिला. अश्वजितचं डोकं अजून थोडं दुखत होतं. तरी त्या दिवसाबद्दल तो पहिल्यांदाच, अगदी गाडी भरली तिथपासून, बोलू लागला. चहा निवून गेला, त्यांचं बोलणं सुरूच राहिलं.