सुनेची नोकरी

वसाहतीत सात वर्षांत चौदा इमारती उभ्या राहिल्या, पण डॉक्टर एकच राहिला. तोही सत्तरीचा, कानानं अधू. पोट दुखतंय म्हटलं की घशाचं औषध द्यायचा. म्हणून तिसऱ्या मजल्यावर राहायला येतानाच सुनेनं सासूबाईंना बजावलं, "आई, कुणी विचारलं तर मी बँकेत आहे म्हणायचं. इस्पितळात रोज ऐंशी पेशंट बघते. घरी एक्क्याऐंशीवा नको."

सासूबाईंनी तीन आठवडे तोंडाला कुलूप लावलं. मग लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आमचा जावई परदेशात इंजिनियर. तुमची सून बँकेत कारकून ना?"

सासूबाईंची तळपायाची आग मस्तकात गेली. "कारकून? अहो, डॉक्टर आहे ती! सुवर्णपदकवाली!"

लिफ्टमध्ये आणखी चौघं होते.

रविवारी सकाळी सुनेनं दार उघडलं, तर जिना तळमजल्यापर्यंत भरलेला. एक आजोबा घरून खुर्ची घेऊन आले होते.

"आई!"

"मी खरं तेच बोलले गं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

सून दार लावणार, तोच एका बाईच्या कडेवरच्या मुलाची धाप तिच्या कानावर पडली.

"कधीपासून असं होतंय?"

"परवापासून. डॉक्टरांकडे बुधवारचा नंबर मिळालाय."

तिनं मुलाला तपासलं, तातडीनं इस्पितळात धाडलं आणि मुकाट्यानं स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला. बाहेर सासूबाईंनी ताबा घेतला. "ताप डावीकडे, गुडघे उजवीकडे! नुसतं घर बघायला आलेत त्यांनी खाली उतरा!" काकू हळूच गुडघ्यांत जाऊन उभ्या राहिल्या.

"मी एकटी कुठं कुठं पुरणार?" सून म्हणाली. "प्रत्येकानं नाव, पत्ता, दुखणं लिहून सही करा. उद्या हा कागद आरोग्य कार्यालयात जाईल."

दोनशे सात सह्या घेऊन सासूबाई स्वतः गेल्या. साहेबांनी नोंदवही उघडली. "आजी, आमच्या नोंदीत तिथं शेती आहे. लोकसंख्या चाळीस."

"मग चला, पीक दाखवते."

साहेब पुढच्या रविवारी आले. चौदा इमारतींकडे मान वर करून बघता बघता त्यांची मानच अवघडली. सासूबाईंनी त्यांना गुडघ्यांच्या रांगेत उभं केलं.

चार महिन्यांनी वसाहतीत आरोग्य केंद्र उघडलं, दोन डॉक्टरांचं. त्या रविवारी सून दुपारपर्यंत झोपली. सासूबाई दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला केंद्राचा रस्ता दाखवत होत्या, कुजबुजत.