एकदा दाबलेलं बटन

लातूरच्या शिकवणी वर्गांना ऑनलाइन परीक्षेचं ॲप करून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत सुमय्या टेस्टर होती, आणि आज सकाळपासून तिचं डोकं फिरलं होतं. हदगावकडच्या सत्यशीला नावाच्या मुलीला फीमाफीच्या परीक्षेत शून्य मिळालं होतं. पेपर पूर्ण सोडवून अगदी शेवटच्या क्षणी ‘जमा करा’ दाबलं होतं, असं पोरगी रडून सांगत होती. ॲपमध्ये मात्र तिचा पेपर आलेलाच नव्हता. तिची फी माफ व्हायची की नाही, हे आता कंपनीच्या उत्तरावर अडलं होतं, आणि उत्तर आजच द्यायचं होतं.

“टेस्ट सगळ्या हिरव्या हायेत. पोरीनं बटन दाबलंच नसंल,” सुमय्याचे वरिष्ठ हरिओम सर म्हणाले.

हिरव्या, म्हणजे पास, असणारच. ॲप नीट चालतं का हे आपोआप तपासणारी कंपनीतली प्रत्येक जावास्क्रिप्ट टेस्ट सरांनी लिहिलेल्या हेल्पर लायब्ररीवर, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचावर, चालायची. लॉगिन करणं, फॉर्म भरणं, बटन दाबणं, ही रोजची कामं त्यांनी एकदाच लिहून ठेवली होती. बाकीच्यांनी आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या. सोय चांगलीच, कोण नाही म्हणतं? पण त्या फंक्शनांच्या पोटात काय आहे, हे उघडून बघायची तसदी कुणी घेतली नव्हती. सुमय्यानं आज घेतली आणि कपाळावर हात मारला. बटन दाबून काही झालं नाही, तर सरांचं हेल्पर गुपचूप ते पुन्हा दाबत होतं. दुसऱ्या खेपेला काम झालं की टेस्ट पास. ॲप कधीकधी पहिला स्पर्श गिळून टाकतं, हे मग कळणार कुणाला?

तिनं हेल्पर बाजूला सारून साधी टेस्ट लिहिली. बटन एकदा दाबायचं, बास. टेस्ट लाल झाली. पुन्हा चालवली, पुन्हा लाल.

“हे काय करून राहिलीस?” सर मागे येऊन उभे राहिले. “कालपर्यंत सगळं हिरवं होतं. तू हात लावला अन् लाल झालं. हेल्पर वापर की, कशाला बनवलंय मग?”

“सर, हेल्पर दोनदा दाबतंय. पोरगी एकदाच दाबणार ना.”

“नेट स्लो असतंय म्हणून ठेवलंय ते. ॲपमध्ये काय खोट न्हाई.”

पालथ्या घड्यावर पाणी. संतापानं सुमय्याचे कान तापले. तिनं आपल्या फोनवर एक सराव पेपर उघडला आणि फोन सरांच्या पुढे धरला. “मग तुम्हीच जमा करून दाखवा.”

सरांनी बटनावर अंगठा टेकवला. काहीच झालं नाही. मान वर न करता, नेहमीच्या सवयीनं, त्यांनी तो पुन्हा टेकवला. ‘पेपर जमा झाला’ अशी अक्षरं आली.

“झालं की,” फोन परत देत ते म्हणाले. “लिही उत्तर. विद्यार्थिनीनं बटन दाबलं न्हाई.”

“सर, तुम्ही किती वेळा दाबलं?”

सरांना त्या प्रश्नाचं नवलच वाटलं.

“एकदाच,” ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते.