पोळ्याच्या दिवशीची मॅच

लोक म्हणतात, दौलत नशिबाचा. कायचा नशिबाचा, अरे! आदिलाबादच्या कापसाच्या जिनिंगच्या फुटबॉल टीमकडून बारा वर्षं हाफबॅक खेळलो. गुडघा गेला तवा कोच झालो, अन् मॅनेजर सोडून गेला की मॅनेजर बी मीच. पण कच्चा. शेठ कापसाच्या गंजीपाशी उभा राहून म्हणे, "दौलत, जब तक मॅनेजर नहीं मिलता, तू देख ले." मी पाहून घ्यायचो. टीम जिंकाले लागली की नागपूरहून नाही तं हैदराबादहून कोणीतरी टाय लावून येई, अन् मी पुन्हा गोलामागं बॉल गोळा करत फिरे.

मले मॅनेजरकीची हाव नव्हती. मले पाह्यजे होतं क्वार्टर.

ग्राउंडच्या कडेले मॅनेजरचं क्वार्टर होतं. दोन खोल्या अन् दारात नळ. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, ब्याऐंशीत, माही बायको चंद्रभागा वांकिडीहून आमची फायनल पाहाले आली होती. मॅच तिनं काई पाह्यली नाही. क्वार्टरच्या खिडकीचे गज धरून आत पाहत राह्यली. म्हणे, "चूल त्या कोपऱ्यात मांडीन मी. अन् नळ तं दारातच हाय व माय!" मी म्हटलं, "पक्का मॅनेजर झालो की घेऊन येतो तुले."

त्या बोलीवर ती वांकिडीलेच राह्यली. माय-बाप माहे, शेत माहं, अन् करणारी ती. सणाले जावं म्हटलं तं नेमकी मॅच. दिवाळीत टुर्नामेंट, संक्रांतीत सराव. बाप आधीच गेला होता; माय गेली तवा आमी उटनूरले सेमीफायनल खेळून राह्यलो होतो. तिसऱ्या दिवशी घरी पोचलो. चंद्रभागानं नुसतं ताट वाढलं.

अन् मी इकडं सामानाच्या खोलीत. जाळ्या, पंप, फाटके बूट अन् ओल्या मोज्यांचा वास. सांज झाली की पोरं "अन्ना, जातो" म्हणून आपापल्या घरी पळत, अन् मी एकटा भाकरी थापत बसे. एकट्यासाठी थापली तं भाकरी गोल बी येत नाही, काय माहीत काऊन. कधी कधी उगाच शिट्टी वाजवून पाहो, कोणी ओ देते काय म्हून. लय एकटं वाटे, खोटं कायले सांगू.

मंग शहाण्णवच्या पोळ्याआधी शेठनं बोलावलं. "अब कोई नहीं आयेगा, दौलत. तू ही पक्का." अन् क्वार्टरची चावी हातात ठेवली. मी तिथंच रडाले लागलो. शेठ बिचारा घाबरला, त्यानं चहा मागवला.

मी क्वार्टर झाडलं, चुना मारला, अन् तिनं सांगितलेल्या कोपऱ्यातच मातीची चूल मांडली. पोळ्याच्या आदल्या दिवशी आसिफाबादले बस बदलून वांकिडीले गेलो.

चंद्रभागा अंगणात बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकून राह्यली होती. हे काम घरच्या माणसाचं. पण घरचा माणूस मीच ना, अन् मी सदा बाहेर! मले पाहून तिनं पदर सावरला, पाय धुवाले पाणी ठेवलं अन् खाटेवर पाव्हण्याची सतरंजी टाकली.

मी चावी पुढं केली. तिनं ती उलटीपालटी करून पाह्यली.

"नळाले पाणी येते काय?"

"सकाळ-संध्याकाळ."

"अन् चूल?"

"तू म्हटलं त्याच कोपऱ्यात."

तिचे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, चला, जिंकलो. मंग तिनं बैलांच्या पाया पडून सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." अन् माह्याजवळ येऊन बसली.

"उद्या पोळा. इतके वर्सं मीच नेली बैलं तोरणाखाली. उद्या तुमी न्या. मंग बैलं माह्या भावाच्या हवाली करू, अन् परवा निघू दोघंबी."

अन् माह्या तोंडातून निघालं, "उद्या कसं जमन? उद्या मावला गावच्या पोरांसंग मॅच हाय."

साधी मॅच होती हो! कप नाही, ढाल नाही. पण तोंडाले सवय पडली होती, बोलून गेलं. वरून अकलेचे तारे बी तोडले, "आता पक्का मॅनेजर झालो. मीच नसलो तं पोरं काय म्हणतीन?"

ती थोडी हासली. चावी माह्या हाताजवळ सतरंजीवर ठेवली.

"तुमी पक्के झाले, बेस झालं. पण मी येत नाही."

"काऊन?"

"इथी मले उशीर झाला तं बैलं दाराकडं पाहतात. तिथी मलेच दाराकडं पाहत बसा लागन."

मी रातभर खाटेवर जागा होतो. उठून म्हणावं, थांबतो, मॅच गेली खड्ड्यात. पण मरदाची अकड, दुसरं काय! सकाळी तिनं शिदोरी बांधून देली. मी पहिल्या बसनं निघालो.

दुपारी ग्राउंडवर पोचलो, चुन्याच्या रेघा मारल्या, शिट्टी गळ्यात घातली अन् उभा राह्यलो. मावल्याची पोरं आलीच नाहीत. माही बी आली नाहीत. पोळा होता ना! सारे बैलं घेऊन गेले होते. दूरवर वाजंत्री वाजून राह्यली होती.

सांजेले क्वार्टरच्या पायरीवर बसून शिदोरी सोडली. पुरणपोळ्या होत्या. बैलांच्या आधी तिनं माह्यासाठी केल्या होत्या, पहाटे उठून. तशाच पुन्हा बांधून ठेवल्या.

निघताना दारात उभी राहून ती म्हणाली होती, "येत जा."

घरच्या माणसाले कोणी 'येत जा' म्हणते काय?