तिसरी लाथ

सदूने पहिली लाथ घातली तेव्हा अजित हसलाच. गुडघ्यांवर हात टेकून तो ओटीवर ओणवा उभा होता आणि अर्धी आळी बघायला जमली होती. सदू पायाळू, जन्मताना त्याचे पाय आधी बाहेर आले. आगरदांड्यात कमरेत उसण भरली की पायाळूच्या तीन लाथा, हाच उपाय.

"आई, ही उसण नाही हो," प्रज्ञा सासूला चौथ्यांदा सांगत होती. जेट्टीवर बर्फाच्या लाद्या वाकून उचलताना अजितची कंबर गेली होती. कळ कुल्ल्यातून निघून थेट अंगठ्यापर्यंत जायची, पाऊल बधिर. मुरुडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, मणक्यात नस दाबली गेलीय. ओझं नको, रगडणं नको. आणि लघवीचं भान गेलं तर तडक अलिबागला न्या.

"तुजा डाक्टर हाय, तर माजा सदू हाय," इंदूबाई म्हणाल्या. "गप ऱ्हा."

"बीएस्सी बाई घाबरल्या!" सदू खिदळला. "तुमाला पन देऊ काय एक?"

प्रज्ञाच्या कडेवरच्या छोट्या मैत्रीने आईची मान घट्ट आवळली.

दुसरी लाथ टाचेची होती, माकडहाडाच्या जरा वर. अजित तोंडावर आपटला, ओठ फुटला, गुरासारखा ओरडला. हसणं थांबलं. त्याच्या लेंग्यावर ओल पसरत होती.

"अहो, भिजलात तुम्ही!"

"कुठं?" त्याला पत्ताच नव्हता.

"तिसरी ऱ्हायली तर उलटंल," म्हणत सदूने पाय उचलला.

प्रज्ञाने मैत्रीला खाली ठेवलं, भिंतीशी टेकवलेला पाट उचलला आणि सदूच्या टेकलेल्या पायाच्या नडगीवर हाणला. तो कोसळला. हात टेकून उठू लागला तसा दुसरा फटका, मनगटावर.

"पुन्हा शिवलास तर डोकं फोडीन!"

इंदूबाईंनी मागून तिचे केस धरले. तिने हिसडा दिला. मूठभर केस त्यांच्या हातात राहिले.

"पडवीचं दार काढा!" ती आळीवर ओरडली. "सपाट न्यायचंय. पाठ वाकता कामा नये."

टेम्पोत ती दारावर झोपवलेल्या नवऱ्याच्या पायांशी बसली. अंगठा चिमटायची, विचारायची, "कळतंय?" तो मान हलवायचा, नाही. रेवदंड्याच्या पुलावर तिने रक्त येईस्तोवर नख रुतवलं.

"अगं ए," अजित फुटक्या ओठाने पुटपुटला, "बोट तोडतेस काय?"

ती रडली नाही. दुसऱ्या पायाकडे वळली.